त्याग कशाचा, संग्रह कशाचा?

(नवदीक्षित कुटुंबांसाठी धम्मपाठ. पौर्णिमेच्या किंवा रविवारच्या वंदनेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून वाचावा.)



धम्मदीक्षा घेऊन घरी परतलेल्या कुटुंबात एक प्रश्न हमखास निघतो. घरची माउली विचारते, "भगवान बुद्धांनी तृष्णा सोडायला सांगितली. मग आता आम्ही नवे लुगडे घ्यायचे नाही काय? मुलीच्या कानात सोन्याची रिंग घालायची नाही काय? फ्रीज, टीव्ही, मोटारसायकल घेणे हे पाप आहे काय?" घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, "आई, हल्ली मोठमोठे लोकसुद्धा मुद्दाम कमी वस्तूंत राहतात. त्याला मिनिमलिझम म्हणतात." त्यावर बाप हसून म्हणतो, "आमच्या आज्याकडे एक घोंगडी आणि दोन मडकी होती. त्याच्याइतक्या कमी वस्तूंत कोण राहिला? पण त्याला कुणी मुक्त म्हटले नाही!"

आईचा प्रश्न प्रामाणिक आहे, मुलाची माहिती खरी आहे आणि बापाचा टोमणा तर सर्वांत खरा आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून विचार केल्याशिवाय तृष्णेविषयीची भगवंतांची शिकवण आपल्याला नीट कळणार नाही. ती अर्धवट कळली तर दोन चुका होतात. एक, धम्म म्हणजे गरिबीत समाधान मानणे असा समज होतो. दुसरी, या समजाला कंटाळून माणूस बाजाराच्या मागे धावतो आणि नव्या गुलामीत सापडतो. या दोन्ही चुका टाळण्यासाठी हा पाठ आहे.

१. लादलेली गरिबी म्हणजे त्याग नव्हे

आपल्या पूर्वजांजवळ वस्तू कमी होत्या, त्या त्यांनी सोडल्या म्हणून नव्हे. त्यांना त्या बाळगू दिल्या जात नव्हत्या. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राने सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये असे सांगितले आहे. त्याच अध्यायात चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे, लोखंडाचे दागिने घालावेत अशी आज्ञा आहे. म्हणजे कुणी काय नेसावे, कशात खावे आणि अंगावर काय घालावे हे धर्मशास्त्राने ठरवून टाकले होते.

हे केवळ पोथीत राहिले नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंहार' या प्रबंधात काही ताज्या घटना नोंदविल्या. १९२८ साली इंदूर जिल्ह्यातील गावांतून बलाई समाजाला ताकीद देण्यात आली, की पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठांचे धोतर नेसू नये आणि बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यातील झाणू गावी नोव्हेंबर १९३५ मध्ये बऱ्या स्थितीतील काही अस्पृश्य बाया धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून त्यांना मारहाण झाली. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एप्रिल १९३६ मध्ये एका अस्पृश्य गृहस्थाने तीर्थयात्रेहून आल्यावर आपल्या बांधवांना तुपाचे जेवण घातले. सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, त्यांनी अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना झोडपले.

बंधूंनो, घागर, तूप आणि काठाचे धोतर! यांत चैन ती कसली? पण गुन्हा वस्तूचा नव्हता. "आम्हीही माणसे आहोत" असे ती वस्तू सांगत होती, म्हणून ती खुपत होती.

मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० साली आपला अहवाल दिला. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. अस्पृश्याने जमिनीचा तुकडा विकत घेतला, चांगले कपडे किंवा दागिने घातले, नवरदेवाची वरात घोड्यावरून काढली, एवढ्या कारणावरूनही गावाने कडक बहिष्कार पुकारल्याची उदाहरणे आहेत असे त्या अहवालात नमूद आहे. बहिष्कार यशस्वी का होई, हेही अहवालाने सांगितले. अस्पृश्यांना आर्थिक स्वातंत्र्य नव्हते. कुणी सवर्णांची जमीन कसत होता, कुणी त्यांच्या शेतावर मजुरीला होता, कुणी गावकीच्या बदल्यात मिळणाऱ्या भाकरीवर आणि धान्यावर जगत होता. पोट दुसऱ्याच्या हातात होते, म्हणून मानही दुसऱ्याच्या हातात होती.

यावरून पहिला धडा घ्यावयाचा तो असा. ज्याला "हवे" म्हणण्याचा अधिकार आहे, त्याच्याच "नको" म्हणण्याला अर्थ असतो. ज्याच्या ताटात कधी तूप पडू दिले नाही त्याला तूप सोडण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा आहे. म्हणून "तुम्ही आता बुद्धाचे झालात, साधे राहा, जास्त मागू नका" असे जर कुणी आपल्याला सांगू लागला, तर त्यास नम्रपणे पण ठामपणे विचारावे, की हा उपदेश आपण आपल्या घरी अगोदर केला आहे काय?

२. महाडचा त्याग

मग आपल्या समाजाने खरा त्याग कधी केलाच नाही काय? केला आहे, आणि तो जगाने अभ्यासावा असा केला आहे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, उष्ट्या-शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरणे सोडा असे सांगितले. त्याच परिषदेनंतर २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडलाच त्यांनी जमलेल्या भगिनींना उपदेश केला. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा आणि अंगावरचे जे जाडजूड दागिने पाहताच जात ओळखू येते, ती तऱ्हा आणि ते दागिने टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्याचा आशय होता.

येथे नीट लक्ष द्या. एकाच वर्षी, एकाच गावी, एकाच मुखाने काही गोष्टी सोडायला सांगितल्या आणि काही घ्यायला सांगितल्या. मृतमांस सोडा, शिळी भाकरी सोडा, गुलामीची खूण असलेले दागिने सोडा. तळ्याचे पाणी घ्या, नीटनेटके लुगडे घ्या, पाटी-पुस्तक घ्या. सोडण्याला आणि घेण्याला कसोटी मात्र एकच होती. यामुळे मी अधिक स्वतंत्र होतो की अधिक बांधला जातो?

महारवतनाची गोष्टही अशीच. वतन म्हणजे थोडीशी जमीन आणि गावाकडून मिळणारे बलुते. कागदोपत्री ती मालकी होती. पण त्या तुकड्यापायी घरातल्या माणसांना रात्री-अपरात्री सरकारची आणि गावाची वेठ करावी लागे. जमीन महाराची म्हणत, खरे म्हणजे महारच त्या जमिनीला बांधलेला होता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, तेव्हा आपल्यातल्याच काहींना वतनाचा मोह सुटत नव्हता. हातचे जाईल ही भीती होती. अखेरीस १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. जी वस्तू आपली वाटते पण आपल्यालाच धरून ठेवते, तिचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

३. भगवंतांनी गृहस्थास काय सांगितले?

भगवान बुद्धांनी स्वतः दोन्ही टोके अनुभवली होती. राजवाड्यातले सुख भोगले आणि नंतर देह झिजवून हाडांचा सापळा केला. उपासमारीने ज्ञान होत नाही हे पटल्यावर त्यांनी सुजातेची खीर घेतली. सारनाथला पाच परिव्राजकांना पहिले प्रवचन दिले तेव्हा हीच गोष्ट प्रथम सांगितली, की भोगात बुडणे हे एक टोक आणि देहदंड हे दुसरे टोक. दोन्ही सोडून मधला मार्ग धरावा.

भिक्खूचा नियम वेगळा आहे आणि गृहस्थाचा वेगळा. भिक्खूजवळ आठच वस्तू असाव्यात. तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे साधन. सोने-चांदी त्याने स्वीकारावयाची नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात ही यादी मुद्दाम दिली आहे. संघात खाजगी मालमत्तेचा त्याग किती कडक होता, आणि तो बळजबरीने नव्हे तर स्वेच्छेने कसा होता, हे त्यांना दाखवायचे होते. पण ही यादी उपासकाच्या घरावर चिकटवायची नाही.

गृहस्थासाठीचा उपदेश दीघजाणू नावाच्या कोलियाच्या निमित्ताने आला आहे. हा दीघजाणू भगवंतांकडे येऊन मोकळेपणाने म्हणाला, की आम्ही संसारी माणसे, लेकराबाळांत राहणारी, काशीचे चंदन लावणारी, फुले माळणारी, सोने-रुपे वापरणारी. आम्हाला या लोकी हिताचे होईल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला चंदन फेकून दे असे सांगितले नाही. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने आणि कौशल्याने मिळवावे. मिळविलेले नीट राखावे. चांगल्या माणसांची संगत धरावी. आणि मिळकत पाहून, तराजूचा काटा पाहावा तसा, समतोल संसार करावा. थोडकी मिळकत असून थाटामाटाने राहणारा माणूस उंबराचे झाड हलवून फळांची नासाडी करणाऱ्यासारखा दिसतो. आणि भरपूर असून चिक्कूपणाने राहणारा उपाशी मरणाऱ्यासारखा. भगवंतांनी उधळपट्टीइतकाच कंजूषपणाही त्याज्य ठरविला आहे, हे विसरू नये.

अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. आपल्या श्रमाने, सचोटीने मिळविलेले आपल्याजवळ आहे, हे पहिले सुख. त्याचा आपण उपभोग घेतो व सत्कर्म करतो, हे दुसरे. आपण कुणाचे देणे लागत नाही, हे तिसरे. आणि आपले आचरण निर्दोष आहे, हे चौथे व सर्वांत मोठे. या चारांपैकी तिसरे जे अनृणसुख, कर्ज नसल्याचे सुख, त्याकडे पुढे पुन्हा येऊ.

बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याचा खुलासा केला आहे. बुद्धांनी संतोषाची प्रशंसा केली, पण संतोष म्हणजे परिस्थितीपुढे शरणागती नव्हे. दुःखी माणसाने आपली स्थिती बदलण्याची खटपट करू नये असे त्यांनी कुठेही म्हटलेले नाही. दारिद्र्याला त्यांनी धन्य म्हटलेले नाही. ज्या लोभाला काठच नाही त्याने माणसाला गिळू नये, एवढाच संतोषाचा अर्थ आहे.

४. तृष्णा कशी वाढते?

महानिदान सुत्तात भगवंतांनी आनंदाला एक साखळी उलगडून दाखविली आहे. तृष्णेमुळे माणूस मागे धावतो. धावल्यामुळे मिळते. मिळाले की हे चांगले, ते वाईट, ही निवड सुरू होते. निवडीतून आसक्ती, आसक्तीतून घट्ट धरून ठेवणे, त्यातून "हे माझे" ही भावना, त्यातून कंजूषपणा, मग राखण करण्याची चिंता, आणि राखण करता करता भांडण, मारामारी, खोटे बोलणे.

ही साखळी आपल्या घरात लावून पाहा. शेजाऱ्याने भिंतीवर मोठा टीव्ही लावला. आपला टीव्ही काल चांगला दिसत होता, तो आज लहान दिसू लागला. टीव्ही बदलला नाही, आपली नजर बदलली. आपण मोठा आणला. आता त्याच्याखालचे टेबल जुने दिसू लागले. टेबल आले. मग भिंतीचा रंग. नंतर पाहुण्यांची मुले हात लावतील म्हणून त्यांच्यावर ओरडणे. ज्या वस्तूने घरात आनंद यावयाचा, तिच्यापायी घरात आलेल्या लेकराचे मन दुखावले.

गरज आणि तृष्णा यांतला फरक हाच. गरज भागली की शांत होते. तहान लागली, पाणी प्याले, विषय संपला. तृष्णा भागविली की मोठी होते. आजचा बाजार हे पुरते ओळखून आहे. हातातल्या मोबाईलवर दिवसभर जाहिराती येतात, "आजच घ्या, उद्या भाव वाढेल" असे घाईला आणतात. जाहिरात वस्तू नंतर विकते. आधी ती आपल्याला कमीपणा विकते. "हे तुमच्याकडे नाही म्हणजे तुम्ही कुणीच नाही" असे ती सांगते.

आणि बंधूंनो, आपल्याला हा कमीपणा फार लवकर लागतो. का? कारण शेकडो वर्षे आपल्याला कमी लेखले गेले आहे. ज्या जखमेवर मनुस्मृतीने घाव घातला, त्याच जखमेवर आज दुकानदार मीठ चोळतो आणि मलम म्हणून हप्त्याने वस्तू विकतो. चांगले राहण्याची आपली इच्छा योग्यच आहे. पण माझी किंमत माझ्या मोबाईलवरून ठरते असे मी मानले, तर माझी किंमत जन्मावरून ठरते असे मानणाऱ्यापेक्षा मी कितीसा वेगळा झालो? दोघांनीही माणसाची किंमत माणसाबाहेर ठेवली. देव्हारा काढला आणि त्या जागी शोकेस ठेवून मनाने तिच्यापुढे हात जोडले, तर दीक्षा अर्धीच झाली म्हणावी लागेल.

५. कर्ज ही आजची वेठ

भगवंतांनी एका सुत्तात दारिद्र्य आणि कर्ज यांची मालिका सांगितली आहे. संसारी माणसाला दारिद्र्य हे दुःखच आहे. दरिद्री माणूस कर्ज काढतो, हेही दुःख. मग व्याज भरणे, मग तगादा, मग मागे लागणारे माणूस, शेवटी बंधन. एकेक पायरी दुःखाचीच.

आता साधा हिशेब करू. समजा, एका घराची महिन्याची मिळकत २४,००० रुपये आहे. मुलीच्या लग्नासाठी २ लाख रुपये शेकडा ३ रुपये महिना दराने काढले. नुसते व्याज महिन्याला ६,००० रुपये झाले. मोबाईलचा हप्ता १,८०० आणि मोटारसायकलचा ३,२००. एकूण ११,००० रुपये पगार हाती येताच गेले. राहिले १३,०००. वर्षभरात लग्नाच्या कर्जाचे ७२,००० रुपये व्याज भरले आणि २ लाखांचे मुद्दल होते तेथेच उभे आहे. या घरातल्या कर्त्या माणसाला मुकादमाने किंवा साहेबाने अपमानाचा शब्द ऐकविला, तर तो उलट बोलू शकेल काय? संघटनेच्या सभेला तो रजा टाकून जाईल काय? मुलाला पुढे शिकवायचे की कामाला लावायचे, हा निर्णय तो घेईल की त्याचा हप्ता घेईल?

स्टार्ट समितीने १९३० साली जे सांगितले ते येथे आठवा. ज्याचे पोट दुसऱ्याच्या हातात, त्याची मानही दुसऱ्याच्या हातात. त्या काळी बलुत्याची भाकरी होती, आज हप्त्याची चिठ्ठी आहे. माणसाचे स्वातंत्र्य म्हणजे हवे ते विकत घेण्याची मुभा असे बाजार सांगतो. धम्माच्या दृष्टीने स्वातंत्र्य म्हणजे अन्यायाला "नाही" म्हणण्याची ताकद. ती ताकद कर्जाने सर्वांत आधी जाते.

"बिनव्याजी हप्ता" या शब्दालाही भुलू नये. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना स्पष्ट कळविले, की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज किमतीत लपविलेले असते, रोखीची सूट बुडते किंवा प्रक्रियेच्या नावाखाली पैसे घेतले जातात. तसेच, महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे. असा सावकार छळत असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

सर्वच कर्ज वाईट असे मात्र नाही. शिक्षणासाठी, धंद्याच्या अवजारासाठी, डोक्यावरच्या छपरासाठी बँकेचे माफक व्याजाचे कर्ज विचारपूर्वक घेतले, तर ते हात बळकट करते. लोकांना दाखविण्यासाठी घेतलेले कर्ज हात बांधते.

६. घरात आचरण कसे करावे?

राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी मिळकतीचे चार भाग करण्यास सांगितले. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा भाग अडीअडचणीसाठी राखून. रोजंदारीवर जगणाऱ्या घराला हे प्रमाण जसेच्या तसे जमणार नाही, आणि त्याबद्दल स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. पण त्यातले तत्त्व प्रत्येकाला घेता येते. आलेले सगळे खाऊन टाकायचे नाही. उद्याची मिळकत वाढेल अशा कामी, म्हणजे मुलांच्या शिक्षणात आणि हातच्या कौशल्यात, काही घालायचे. आणि संकटासाठी थोडे तरी बाजूला ठेवायचे. महिन्याला १०० रुपये पोस्टात किंवा बचत गटात टाकले तरी आरंभ झाला.

कोणतीही मोठी वस्तू घेण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: ही वस्तू नसल्याने कुणाच्या आरोग्याची, शिक्षणाची, श्रमाची किंवा स्वाभिमानाची हानी होते काय?

दुसरा: ही वस्तू आपण आपल्या उपयोगासाठी घेतो की दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी?

तिसरा: ही घेतल्याने कुणापुढे मान झुकवावी लागेल काय?

या कसोटीवर गॅसची शेगडी आणि मिक्सर उतरतात. त्यामुळे घरच्या बाईचा धूर आणि दोन तास वाचतात, त्या वेळात ती वाचू शकते, सभेला जाऊ शकते. मुलीच्या अभ्यासाचा मोबाईल उतरतो. त्यासाठी सर्वांत महागडाच हवा, हा हट्ट उतरत नाही. कानातली रिंग कमाईतून घेतली तर आनंदाने घालावी. व्याजाने काढून घातली तर ती कानाला जड होते. बाबासाहेब नेहमी उत्तम कपड्यांत राहिले. ज्या समाजाला चिंध्या नेसण्याची आज्ञा होती त्याच्या नेत्याने तसेच राहणे योग्य होते. पण त्यांच्या घरात सर्वांत जास्त जागा कशाने व्यापली होती? पुस्तकांनी! दादरचे राजगृह त्यांनी ग्रंथांना डोळ्यांपुढे ठेवून बांधले. घ्यायचे तर काय घ्यावे, याचा धडा त्या घरात आहे.

काटकसरीचा भार एकट्या बाईवर टाकू नये. पुष्कळ घरांत आई आपले ताट अर्धे करते, मुलीची वही पुढच्या महिन्यावर जाते, आणि कर्त्या पुरुषाचा गुत्ता मात्र चुकत नाही. भगवंतांनी दीघजाणूला संपत्ती वाहून जाण्याची चार तोंडे सांगितली. व्यभिचार, मद्य, जुगार आणि वाईट संगत. तळ्याला पाणी येणे बंद करून ही तोंडे उघडी ठेवली, तर तळे आटणारच. पाचवे शील पाळले तर कित्येक घरांतली निम्मी काटकसर आपोआप होईल. मोबाईलवर पैसे लावून खेळणे हाही जुगारच, हे तरुणांनी ध्यानात घ्यावे.

लग्नाविषयी एवढेच सांगतो. बौद्ध विवाहाला फुले, मेणबत्ती, अगरबत्ती, पांढरे स्वच्छ वस्त्र, त्रिशरण-पंचशील आणि चार माणसांची साक्ष पुरते. मुहूर्त नको, हुंडा नको. १९६१ पासून हुंडा देणे-घेणे कायद्यानेही गुन्हा आहे. खर्च होतो तो मांडवाचा, वाजंत्रीचा आणि मानपानाचा. ज्या विधीने आपल्याला पुरोहिताच्या हातून सोडविले, त्याच्याच नावाने सावकाराच्या हातात जाऊ नये.

वस्तू वापरण्याची रीतही धम्मात आहे. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान दिली. राजाला शंका आली, हा श्रमण एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाला, ज्या भिक्खूंची चीवरे विरली आहेत त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीचे अभ्रे. त्यानंतर जमिनीवरचे पसारे, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजाचे समाधान झाले. आपल्या आज्जीने जुन्या लुगड्यांची वाकळ शिवली ती याच बुद्धीने. तिची गरिबी आपल्याला नको, पण तिची ही बुद्धी टाकू नये.

७. शेवटचा शब्द

श्रीमंत देशांत घरे वस्तूंनी ओसंडून वाहू लागली तेव्हा तेथे कमी वस्तूंची चळवळ निघाली. जपानच्या मारी कोंदो यांचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि जगभर खपले. वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर निरोप द्या, असे त्या सांगतात. यात शिकण्यासारखे जरूर आहे. पण ज्याच्याजवळ खूप आहे त्याचा हा प्रश्न आहे. शिवाय बाजार इतका चतुर, की साधेपणाची सजावटसुद्धा तो महाग किमतीला विकतो.

आपली कसोटी याहून जुनी आणि याहून कठीण आहे. वस्तू आनंद देते काय एवढेच आपण विचारत नाही. ती आपल्याला ताठ मानेने उभे राहू देते काय, हे आपण विचारतो. झाणूच्या बायांनी धातूची घागर उचलली ती स्वातंत्र्यासाठी. महाडच्या लोकांनी शिळी भाकरी नाकारली तीही स्वातंत्र्यासाठी. घागर उचलणारा हात आणि भाकरी नाकारणारा हात एकाच माणसाचा आहे. तो हात आज आपला आहे. त्याने काय उचलावे आणि काय नाकारावे, हे बाजाराने ठरवू नये, शेजाऱ्याने ठरवू नये. आपल्या प्रज्ञेने ठरवावे.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. माउली, नवे लुगडे जरूर घे. ते तुझ्या कमाईचे असू दे, तुझ्या मनासारखे असू दे, आणि ते नेसून कुणापुढे वाकावे लागणार नाही असे असू दे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. भिक्खूचा अपरिग्रह आणि गृहस्थाचा समतोल संसार यांत काय फरक आहे?

२. महाड येथे १९२७ साली कोणत्या गोष्टी सोडण्यास आणि कोणत्या घेण्यास सांगितल्या? दोन्हींची कसोटी एक कशी?

३. गृहस्थाची चार सुखे सांगा. आपल्या घरात त्यांपैकी कोणते कमी आहे?

४. गेल्या वर्षी घेतलेल्या तीन मोठ्या वस्तू लिहा आणि पाठातील तीन प्रश्न त्यांना लावून पाहा. हे काम घरातील मुलांकडून करून घ्यावे.

५. घरातील एकूण कर्ज व त्यावरील महिन्याचे व्याज एका कागदावर लिहा. पुढच्या पौर्णिमेपर्यंत त्यातील कोणते एक देणे कमी करता येईल, हे सर्वांनी मिळून ठरवा.

नमो बुद्धाय! जय भीम!